एका खोट्या शिपायासाठी गेलेला हात

मित्रांनो, आधी माझा हात हातात घेऊन बघा. गरम लागला ना? दचकू नका, मला ताप आलेला नाही. मी बाराही महिने असाच गरम असतो. मी एक जुना खोटा शिपाई आहे. म्हणजे यंत्र! नाक, कान, पापण्या, नखं, सगळं अगदी माणसासारखं, फक्त आत रक्ताऐवजी तारा. माझा डावा गाल जळलेला आहे आणि त्यातून दोन तारा बाहेर डोकावतात. लहान मुलं मला बघून आधी किंचाळतात आणि मग लगेच त्या भोकात बोट घालून बघतात. बघू दे. मला गुदगुल्या होत नाहीत.

माझ्या आयुष्यात मला एवढे धक्के बसलेत की काय सांगू! यंत्राला कुठे धक्का बसतो, असं म्हणू नका. बसतो. शप्पथ बसतो.

माझा जन्म बेंगळुरूचा, बोम्मसंद्र्याचा. होसूर रोडवरच्या एका कारखान्यात आम्ही भावंडं रांगेने टांगलेलो असायचो, शर्ट वाळत घातल्यासारखे. तिथे बेळगावकडची चंपाअक्का होती. आमच्या अंगात ऊब भरायचं काम तिचं. ऊब मोजायला मशीन होतं, पण अक्का आधी हाताची मागची बाजू आमच्या कपाळाला लावायची आणि मगच मशीनकडे बघायची.

"काय रे लेकरा, कणकण हाय व्हय तुला?" म्हणायची आणि खटका फिरवून ऊब जरा उतरवायची.

आमच्या छातीत पाण्याची छोटी टाकी होती. थंडीत तोंडातून श्वासाची वाफ निघावी म्हणून! विचार करा, वाफ! कपाळाच्या आठ्यासुद्धा कुणीतरी तासन्‌तास बसून कोरल्या होत्या. मला वाटायचं, एवढे लाड चाललेत म्हणजे मी नक्कीच कुणीतरी मोठा होणार.

मग आवाजाची पाळी आली. आम्हा सगळ्यांच्या तोंडात एकच वाक्य घालायचं होतं. रंगकामाच्या विभागातला यल्लाप्पा निपाणीचा, गळा चांगला, म्हणून त्याला माइकसमोर उभं केलं. पहिल्यांदा तो असा काही कण्हला की सगळे पोट धरून हसले.

"नाटकात मरतोयस व्हय?" चंपाअक्का ओरडली. "गावाकडं आजारी पडल्यावर आईला कशी हाक मारतोस? तशी मार की!"

यल्लाप्पाने माइक जवळ ओढला. मग त्याने डोळे मिटले.

"आई गं... पाणी दे गं..."

कुणी हसलं नाही. चंपाअक्का पाठ फिरवून उगाच तारा विंचरत बसली.

ती हाक माझ्या तोंडात बसली. दुसरा एकही शब्द मला दिलेला नाही. मी बघतो, ऐकतो, विचार करतो, पण बोलायचं झालं तर एवढंच, आणि तेही मानेमागचं बटण दाबलं तर. आता तुम्ही विचाराल, मग ही गोष्ट कोण सांगतंय? अहो, आत्मवृत्तात फाटकी छत्री बोलते, गंजलेला नळ बोलतो, आणि माणसासारखं तोंड असलेल्या मीच गप्प बसायचं का?

तर पहिला धक्का. आम्हाला गणवेश चढवले, बूट घातले. मी तर छाती काढूनच उभा! तेवढ्यात एक अधिकारी आले आणि कामगारांना समजावून सांगू लागले. "शत्रूची छोटी विमानं वरून अंगाची ऊब शोधतात. ऊब दिसली, हाक ऐकू आली, की तिथे बॉम्ब टाकतात. हे बाहुले पुढे ठेवले की बॉम्ब यांच्यावर पडतील. आपले जवान वाचतील."

मी उडालोच! म्हणजे मला लढायचं नव्हतंच. मला फक्त मार खायचा होता. ती ऊब, ती वाफ, त्या आठ्या, सगळं नेम चांगला बसावा म्हणून!

"म्हंजे मी ह्यास्नी ऊब दिली ती..." चंपाअक्का म्हणाली आणि हाताची मागची बाजू पदराला पुसत राहिली.

मग आम्ही सीमेवर गेलो. बर्फातलं ठाणं होतं. मला एका उतारावर कमरेपर्यंत बर्फात रोवलं आणि बटण दाबलं. मागे खंदकात आपले जवान होते. त्यांना सांगून ठेवलं होतं की समोर बाहुले आहेत, हाकांकडे लक्ष देऊ नका. पण कधीकधी आपली खरी माणसंही त्याच उतारावर असायची. कोण खरा, कोण खोटा, लांबून सांगणं कठीण.

बॉम्ब आजूबाजूच्या भावंडांवर पडायचे, माझी पाळी अजून आली नव्हती, आणि मी हाका मारायचो. "आई गं... पाणी दे गं..." पहिल्या दिवशी खंदकात कुणी जेवलं नाही. एकाने टोपी कानांवर ओढून घेतली. एकाने मला बर्फाचा गोळा फेकून मारला. "गप रे! गप बस की!"

आणि मग त्यांना सवय झाली. माझ्यासाठी हा दुसरा धक्का, पहिल्यापेक्षा मोठा! माझी हाक आली की कुणीतरी म्हणायचं, "आले जावईबापू, पाणी द्या त्यांना," आणि सगळे हसायचे. पुढे पुढे तर हसायचेही नाहीत. पत्ते वाटत राहायचे. मान वर करायची गरजच उरली नव्हती.

एका दुपारी त्यांच्यातला एकजण खंदकातून बाहेर पडला. पोटावर सरपटत माझ्याकडे येऊ लागला. मागून सगळे ओरडत होते, "गिरी, वेडा झालास का? परत ये!" तो आला. त्याने माझ्या भोवतीचा बर्फ नुसत्या हातांनी उकरला. मग माझ्या छातीला कान लावला. संपलं, मी मनात म्हटलं. आत मोटर घरघरत होती! आता हा शिव्या देणार आणि मला टाकून पळणार. पण त्याने मला उचलून खांद्यावर घेतलं.

"चल," तो म्हणाला. "फार ओरडलास."

त्याला कळलं नसावं, असं मला वाटलं. माणूस घाईत असला की असं होत असेल. आम्ही निम्म्या वाटेवर असू. वरून भुंग्यासारखा आवाज आला आणि सगळं पांढरं झालं. माझा गाल गेला. त्याचा डावा हात कोपरापासून गेला. माझे डोळे, कान, सगळं बंद पडलं.

डोळे पुन्हा चालू झाले तेव्हा मी परत बेंगळुरूला, येलहंक्याजवळच्या एका गोदामात होतो, ताडपत्रीखाली. लढाई संपली होती. आम्हाला भंगारात काढलं होतं. ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडावेत म्हणून आठ्या कोरल्या, त्यांची आता धूळसुद्धा कुणी झटकत नव्हतं. माझ्या कॉलरमध्ये एक पाल राहायला आली होती. तिला ऊब आवडायची बहुतेक. माझं कौतुक करणारी तेवढी एकच!

आणि एक दिवस ताडपत्री उचलली गेली. समोर कोण? तोच! डावी बाही दुमडून पिनेने अडकवलेली.

"हाच," तो रखवालदाराला म्हणाला. "गाल जळालेला."

"सर, हे भंगार घरी नेऊन काय करणार?"

"पाहुणा आहे. आईने जेवायला बोलावलंय."

रखवालदार त्याच्याकडे बघतच राहिला. मीही!

त्याचं असं होतं. हे गिरीराज, गल्लीतल्या मुलांचे गिरीकाका, मल्लेश्वरमचे. त्यांच्या घराण्याचं मराठी कित्येक पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं, निम्मं कानडी. त्यांच्या आई रत्नाबाई, म्हणजे रत्नाआज्जी. लष्कराकडून त्यांना कळवलं होतं, "साथीदाराला वाचवताना जखमी." गिरीकाकांनी ते तसंच राहू दिलं. आज्जी मात्र रोज मागे लागायच्या. तो पोरगा कुठला रे? त्याला एकदा घेऊन ये. त्याच्या आईलाही आण, दसऱ्यात हळदीकुंकवाला. माझ्या पोराने हात दिला तो कुणासाठी, बघू तरी दे! गिरीकाकांना तोंडाने सांगता येईना. म्हणून त्यांनी मलाच नेलं.

मला टोपी घातली, स्वेटर घातला, गालावरून मफलर गुंडाळला. मला थोडंफार चालता येतं. रिक्षातून उतरून मी दारापर्यंत चालत गेलो. नवरात्र होतं. आत पायऱ्या मांडून बाहुल्या बसवल्या होत्या. या सणाला तिथे गोंबे हब्बा, म्हणजे बाहुल्यांचा सण, म्हणतात, आणि एकमेकींच्या घरच्या बाहुल्या बघायला बायका येतात. घर भरलेलं होतं. आज्जी दृष्ट उतरवायची लाल पाण्याची आरती घेऊन दारात आल्या आणि मला ओवाळू लागल्या. मला! ज्याला फक्त बॉम्ब ओवाळायचे!

"आईला का नाही आणलंस रे?" त्या म्हणाल्या. "असू दे, पुढच्या वेळी आण." आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांचं बोट थबकलं. त्यांनी हाताची मागची बाजू माझ्या कपाळावर ठेवली.

"अय्यो, केवढा तापलाय हा! गिरी, पोराला ताप आहे! अक्षरा, धाव, गोळी आण!" त्यांनी नातीला पिटाळलं.

आणि गालाला हात लावायला म्हणून त्यांनी मफलर सरकवला.

पुढचं तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. तारा! किंकाळी! आरतीचं सगळं लाल पाणी माझ्या बुटांवर. बायका दाराशी गोळा झाल्या. समोरच्या घरातल्या शिवलीलाअक्का पुढे होऊन बघू लागल्या आणि हसत सुटल्या.

"रत्नाक्का, गिरीने तर गोंबी आणलीय! बसवा की पायरीवर. पायरी तेवढी मोडेल!"

सगळ्या हसल्या. आज्जी हसल्या नाहीत.

"गिरी, तो पोरगा कुठे आहे?"

"हाच, आई."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही करत."

आज्जींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा बर्फ बरा होता.

मला स्कूटरच्या शेडमध्ये ठेवलं. गिरीकाकांची नववीतली पुतणी अक्षरा तेवढी रोज मला चार्जिंगला लावायची आणि शाळेतल्या गमती सांगायची. गल्लीतले बाकीचे लोक शेडवरून जाताना पावलं भरभर उचलायचे. कुणी म्हणायचं रात्री उठून चालतो, कुणी म्हणायचं शत्रूचाच आहे. आणि गिरीकाकांच्या मागे कुजबुज सुरू झाली. बाहुल्यासाठी हात घालवला! कसला शिपाई, माणूस आणि खेळणं ओळखता येत नाही! आधी रस्त्याने जाताना त्यांना नमस्कार करणारे लोक आता हसू दाबायचे.

"माझ्या पोराचा हात खाऊन आलाय हा," आज्जी म्हणायच्या.

"आज्जी, तो काहीच खात नाही," अक्षरा म्हणाली.

"गप गं. एक हात खाल्ला तो पुरत नाही का?"

मला ओरडून सांगायचं होतं की मी बोलावलं नव्हतं हो! पण खरं तर बोलावलंच होतं. माझ्या तोंडात दुसरं काही नव्हतंच.

शिवलीलाअक्कांचे यजमान दयानंदअण्णा समाजाच्या संघाचे अध्यक्ष. दसऱ्याला ते गिरीकाकांचा सत्कार करणार होते. ते शेडपाशी आले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "गिरी, स्टेजवर नुसतं ‘साथीदाराला वाचवलं’ एवढंच बोल. कोण, कुठला, कशाला सांगायचं? आणि हे सामान आधी बोम्मसंद्र्याला भंगारात जाऊ दे. आयुधपूजेच्या दिवशी माझा टेंपो रिकामाच आहे."

"तो जाणार नाही, अण्णा."

"मग सत्कार होणार नाही. आणि लोक काय बोलतात ते ठाऊक आहे ना तुला? जन्मभर हेच ऐकशील."

मित्रांनो, मला वाटलं, पाठवून द्या मला! मी यंत्र आहे, मला काय होणार? या माणसाचा हात माझ्यामुळे गेला होता, आणि आता नावही माझ्यामुळेच जाणार होतं.

आयुधपूजेचा दिवस उजाडला. त्या दिवशी सगळ्या यंत्रांना आंघोळ, हळदकुंकू, फुलं! गल्लीत स्कूटर, गाड्या, रिक्षा केळीचे खुंट बांधून ओळीने उभ्या होत्या. अक्षराने मलाही शेडबाहेर आणून ओळीत उभं केलं आणि गळ्यात शेवंतीची माळ घातली. मी एका पाण्याच्या पंपाच्या आणि एका बुलेटच्या मध्ये होतो. तेवढ्यात दयानंदअण्णांचा टेंपो मागे मागे येत माझ्यासमोर थांबला. टेंपोच्याही गळ्यात हार होता.

"चला, पूजा झाली. पहिली खेप हीच," अण्णा म्हणाले.

ड्रायव्हर फळी खाली टाकायला उतरला. गिरीकाका येऊन मध्ये उभे राहिले.

"बाजूला हो, गिरी. तमाशा नको." अण्णांचा आवाज चढला. गल्ली गोळा झाली. "मिलिटरीत एवढी वर्षं काढलीस, आणि माणूस कुठला, बाहुला कुठला, ओळखता आलं नाही तुला?"

"ओळखलं होतं की."

मला तर ऐकू येणंच बिघडलं की काय, असं वाटलं.

"काय म्हणालास?" रत्नाआज्जी पायरी उतरून पुढे आल्या.

"मला माहीत होतं, आई. जायच्या आधीपासून माहीत होतं. छातीला कान लावला ना, तेव्हा मोटर ऐकू आली. तरी उचलला."

"माहीत असून गेलास?" आज्जींचा आवाज फाटला. "अरे, फसलास असं समजून मी तुला माफ केलं होतं रे! माहीत असून? ह्या डब्यासाठी?"

"तू ती हाक ऐकली नाहीस, आई. आम्ही रोज ऐकायचो. ऐकून ऐकून आम्ही पत्ते खेळायला लागलो होतो. ती हाक आली की आम्ही हसायचो! आणि त्या दुपारी पानं हातात घेऊन बसलो होतो तेव्हा मनात आलं, उद्या आपल्यातलाच कुणी बाहेर पडला आणि त्याने हाक मारली, तर आम्ही डाव मोडणार आहोत का? मला आतून उत्तर आलं, नाही मोडणार. मी घाबरलो, आई. बॉम्बला नाही घाबरलो तेवढा त्या उत्तराला घाबरलो."

"हे सगळं बोलायला बरं आहे," अण्णा म्हणाले. "पण एका मशीनच्या आवाजाला एवढं..."

"कसली हाक?" आज्जी त्यांचं बोलणं तोडून म्हणाल्या. "ऐकव. माझ्या पोराचा हात जिने नेला ती हाक मला ऐकायची आहे. आत्ता!"

गिरीकाका माझ्या मागे आले. मानेमागचं बटण इतक्या दिवसांत कुणी दाबलं नव्हतं. मला वाटलं, आवाज गेला असेल. गेला असेल तर बरं!

"आई गं... पाणी दे गं..."

यल्लाप्पाचा आवाज सगळ्या गल्लीवर पसरला. मी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली, आणि समोर बघतो तर रत्नाआज्जी नाहीतच! कुठे गेल्या म्हणून सगळे बघतात, तोवर त्या स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन धावत बाहेर आल्यासुद्धा, पाणी अर्धं वाटेत सांडत! टेंपोच्या ड्रायव्हरने सीटखालची बाटली काढून झाकण उघडलं होतं. आणि दयानंदअण्णा! ते आपल्या घराकडे वळून ओरडत होते, "अगं शिवलीला, पाणी आण, लवकर!"

मग एकेकाला भान आलं. अण्णांनी तोंड मिटलं. ड्रायव्हरने बाटलीचं झाकण हळूच परत लावलं. आज्जी मात्र तांब्या माझ्या ओठांपाशी धरून तशाच उभ्या होत्या.

"आई, त्याला नको. आत तारा आहेत," गिरीकाका हलक्या आवाजात म्हणाले.

"बंद कर ते. ऐकवत नाही मला."

त्यांनी बटण बंद केलं. आज्जींनी तांब्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. त्यांनी तो तांब्या गिरीकाकांच्या उरलेल्या हातात दिला.

"हात गेला तेव्हा तू हाक मारलीस का रे?"

"मारली."

"मग? कुणी आलं?"

गिरीकाका पाणी प्यायले. सगळा तांब्या रिकामा केला.

"आले, आई. डाव टाकून सगळे आले."

मित्रांनो, माझे डोळे-कान तेव्हा बंद पडलेले होते, त्यामुळे मलाही हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी उभ्या जागी थिजलो. बर्फातसुद्धा असा थिजलो नव्हतो.

टेंपो रिकामाच गेला. सत्कार झाला नाही. दयानंदअण्णा म्हणतात, हे सगळं स्टेजवर सांगायला फार वेळ लागतो, तेवढा वेळ पाहुण्यांकडे नसतो. रत्नाआज्जी अजून माझ्याशी बोलत नाहीत. शेडमध्ये आल्या तर झाडू घेऊन येतात, माझ्या पायाभोवतीचा कचरा काढतात आणि जातात. माझी तक्रार नाही. त्यांच्या मुलाचा हात काही परत आलेला नाही.

आत्मवृत्ताच्या शेवटी आम्हा वस्तूंनी "आम्हाला जपा" असं सांगायचं असतं. मी तसं सांगणार नाही. मला जपलं नाहीत तरी चालेल, मला पुसा, नका पुसू. पण तुमच्या वर्गात, गल्लीत, बसमध्ये कुणी हाक मारली, तर ती खरी की खोटी, आपल्यातल्याची की परक्याची, असा विचार करत पानं धरून बसू नका. ते मागाहून ठरवता येतं. आधी उठा.